कडाक्याच्या थंडीत कुत्री व्याली तर पिल्लांना ऊब कशी द्यायची

आमचा मळा निफाड तालुक्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की इथले द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सुरू करतात आणि मणी तडकू नयेत म्हणून जागतात. गावठी कुत्र्याही थंडीच्या सुमारासच वितात. भाद्रपदात कुत्री माजावर येतात हे सगळ्यांना माहीत असतं. तिथून साधारण ६३ दिवस मोजा, म्हणजे पिल्लं ऐन थंडीच्या तोंडावर येतात.

आमची चंपी पहिल्यांदा व्याली तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मागच्या पडवीत पोतं टाकून दिलं, ती सात पिल्लांना घेऊन पडून राहिली, आणि मला वाटलं, जनावराचं जनावर बघून घेतं. तिसऱ्या रात्री एक पिल्लू आईपासून हातभर लांब पडलेलं दिसलं. उचललं तर भिजलेल्या फडक्यासारखं गार. मी घाईघाईने दूध कोमट केलं आणि घरात होतं त्या बोंडल्याने त्याला पाजलं. पहाटेपर्यंत ते गेलं. नाकातून दूध आलेलं होतं. पुढे तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की पिल्लू गार असताना दूध पाजलं, तिथेच चूक झाली. त्यानंतर चंपी अजून एकदा व्याली, वस्तीवरच्या दोन कुत्र्यांची बाळंतपणंही मी पाहिली, आणि ऊब द्यायचं काम हळूहळू हाताला बसलं. तुमच्या घरी पहिल्यांदाच कुत्री विणार असेल तर माझ्यासारखी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या. मोठं कुत्रं थंडीत कुडकुडतं, आणि कुडकुडण्यातून अंगात उष्णता तयार होते. नवजात पिल्लाला कुडकुडता येत नाही. ती क्षमता यायला साधारण आठवडा लागतो. अंगावर चरबी जवळजवळ नसते, केस विरळ असतात, आणि एवढ्याशा जिवाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या अंगाचं तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे मोठ्या कुत्र्यापेक्षा बरंच कमी, आणि तेवढं टिकवायलाही त्याला बाहेरून ऊब लागते. मोठ्या कुत्र्याइतकं, म्हणजे ३८ अंशांच्या वर, ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास पोचतं.

आधी एवढं जमवून ठेवा

पोट दिसायला लागलं की हे सामान एका जागी काढून ठेवा. ऐन रात्री शोधाशोध होत नाही.

- लाकडी फळ्यांचा किंवा जाड पुठ्ठ्याचा मोठा खोका. द्राक्ष-टोमॅटोची प्लॅस्टिकची दोन कॅरेटं जोडूनही लहान कुत्रीसाठी चालतं.
- खोक्याखाली घालायला थर्माकोल, फळी किंवा जुनी गादी.
- सुती चादरी, जुने टॉवेल, निदान आठ-दहा. हे भराभर ओले होतात.
- ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब किंवा कोंबड्यांच्या पिल्लांसाठी मिळतो तो ब्रूडरचा बल्ब, जाळीच्या टोपणासकट. पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो.
- दोन थर्मामीटर. एक खोक्यात ठेवायचा, एक पिल्लाचा ताप बघायचा डिजिटल.
- गरम पाण्याच्या रबरी पिशव्या दोन. नसतील तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या.
- स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा.
- पोव्हिडोन आयोडीन, स्वच्छ दोरा, कात्री, कापूस, खोबरेल तेल, ग्लुकोजची पुडी.
- रात्री फोन उचलणाऱ्या पशुवैद्याचा नंबर. भिंतीवर लिहून ठेवा.

१. जागा ठरवा आणि जमिनीपासून वर उचला

आमच्याकडे घरोघरी शहाबादी फरशी. उन्हाळ्यात छान वाटते, पण थंडीच्या रात्री तिच्यावर अनवाणी उभं राहून बघा. पिल्लांचं पोट रात्रभर त्या फरशीला टेकलेलं असतं आणि वरून पोतं घातलं तरी गारवा खालून येत राहतो. म्हणून खोका फळीवर, थर्माकोलवर किंवा विटांवर ठेवलेल्या पाटावर ठेवा, फरशीपासून निदान चार बोटं वर.

दाराची फट आणि खिडकीखालची जागा टाळा. वारा लागतो की नाही हे तळहाताने कळत नाही. खोक्याच्या तळाशी उदबत्ती धरा आणि धूर कुठे झुकतो ते पाहा. मात्र खोली पूर्ण बंदही करू नका, थोडी हवा खेळती हवी.

कुत्रीला ही जागा व्यायच्या आधी आठ-दहा दिवस दाखवा, तिथेच खायला घाला. ऐन वेळी नवीन खोक्यात कोंबली तर ती उठून गोठ्यातल्या गव्हाणीत किंवा कडब्याच्या गंजीत जाऊन विते आणि तुमची सगळी तयारी बाजूला राहते. चंपीने पहिल्यांदा हेच केलं होतं. पडवीत आणायला अर्धा दिवस गेला.

२. खोका कसा असावा

आईला आडवं पडून पाय ताणता यायला हवेत, आणि त्याहून फार मोठा नको. मध्यम गावठी कुत्रीला चार फूट बाय तीन फूट पुरतं. जागा जास्त झाली की पिल्लं भरकटतात आणि कोपऱ्यात एकटी पडून गार होतात. भिंती एवढ्या उंच ठेवा की आई ओलांडेल आणि पिल्लू ओलांडणार नाही. आतल्या बाजूने, तळापासून चार बोटं उंचीवर, चारी भिंतींना बांबूची पट्टी किंवा जाड पाइप आडवा बसवा. आई भिंतीला टेकून बसली की मागे अडकलेलं पिल्लू या पट्टीखालच्या जागेत वाचतं.

कॅरेट वापरत असाल तर त्याच्या भोकांतून वारा येतो. आतून पुठ्ठा लावून घ्या.

अंथरुणाबद्दल दोन गोष्टी. गोधडी वापरू नका. आजीच्या गोधडीचा मोह होतो, पण तिचे टाके उसवलेले असतात आणि पिल्लाचा पाय त्या दोऱ्यात अडकून सुजतो. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका पिल्लाचा पंजा असाच निकामी झाला. दुसरं, नुसता वर्तमानपत्राचा कागद गुळगुळीत असतो आणि सरपटायला पिल्लांना पकड मिळत नाही. तळाला कागदाचा जाड थर, वर ताणून खोचलेली सुती चादर, असं ठेवा. चादर सैल राहिली तर पिल्लं तिच्या घडीखाली शिरतात आणि आई वरून बसते.

३. ऊब खोक्याच्या एकाच अर्ध्यात द्या

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त चुकणारं. पिल्लांना दिसत नाही, ऐकू येत नाही, पण ऊब कुठून येते ते कळतं. जास्त झालं की सरपटत बाजूला व्हायचंही कळतं, पण बाजूला जायला गार जागा हवी. सगळा खोका सारखा तापवला तर त्यांना पळायला वाव राहत नाही, आणि अतिउष्णतेने पिल्लू थंडीपेक्षाही लवकर जातं. शिवाय आईच्या अंगावर भरपूर केस असतात. पिल्लांना हवी असलेली ऊब तिला सोसत नाही. सगळीकडे गरम झालं की ती धापा टाकत उठून बाहेर फरशीवर जाऊन पडते, आणि पिल्लं दुधावाचून राहतात. म्हणून बल्ब एका टोकाला लावा, दुसरं टोक चार-पाच अंशांनी गार राहू द्या.

बल्ब लावताना:

- एलईडी बल्ब चालणार नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात दोन रात्री एलईडी लावून ठेवला होता आणि पिल्लं का रडतात ते कुणाला कळत नव्हतं.
- अडीच-तीन फूट उंचीवर टांगा, आणि साखळीने किंवा जाड तारेने टांगा. विजेच्या वायरीवर बल्बचं वजन टाकू नका.
- जाळीचं टोपण हवंच. पाण्याचा शिंतोडा पडून तापलेला बल्ब फुटतो.
- पिल्लं येण्याआधी रिकाम्या खोक्यावर दोन तास चालू ठेवून थर्मामीटर बघा. कमी-जास्त करायचं असेल तर बल्ब वर-खाली करा.
- वायर आईच्या तोंडाला लागणार नाही अशी वरून आणा.

माणसाच्या कंबरेला शेकायचा विजेचा पॅड मी वापरत नाही. पिल्लू त्याच्यावर तासन्‌तास पडून राहतं आणि पोटाची कातडी भाजते. भाजल्याचं दुसऱ्या दिवशी दिसतं. वापरायचाच असेल तर सर्वात कमी आचेवर, जाड टॉवेल दोनदा गुंडाळून, खोक्याच्या अर्ध्याहून कमी भागात.

आणि कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात विस्तव बंद खोलीत ठेवू नका. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि पिल्लांबरोबर राखणीला झोपलेलं माणूसही त्यात दगावतं.

४. किती तापमान हवं

पेपरात रोज छापून येतो तो निफाडचा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तो बघून थंडीचा अंदाज येतो, पण खोक्यात काय आहे ते त्यावरून कळणार नाही. भिंतीवरच्या थर्मामीटरवरही जाऊ नका, कारण गार हवा खाली साचते. थर्मामीटर पिल्लं झोपतात त्या चादरीवर आडवा ठेवा, आई चावणार नाही अशा कोपऱ्यात.

उबेच्या बाजूला एवढं असावं:

- पहिला आठवडा: २९ ते ३२ अंश सेल्सिअस
- दुसरा आठवडा: २६ ते २९
- तिसरा आणि चौथा आठवडा: २३ ते २६
- पाचव्या आठवड्यापासून: २१ ते २४

आई मेली असेल किंवा जवळच घेत नसेल तर पहिल्या आठवड्यात ३२ च्या जवळपास ठेवा, कारण आईच्या अंगाची ऊब त्यांना मिळत नाही.

बल्बने हवा कोरडी होते आणि पिल्लांच्या अंगातलं पाणी कमी होतं. खोक्याबाहेर ओला टॉवेल वाळत टाका किंवा पसरट भांड्यात पाणी ठेवा. आर्द्रता दाखवणारा थर्मामीटर असेल तर ५५ ते ६५ टक्के बघा. कोकणातल्या वाचकांना पावसाळ्यात याची गरज पडणार नाही. त्यांच्याकडे उलट चादरी वाळत नाहीत हा त्रास असतो, आणि दमट चादर कोरड्या थंडीइतकीच वाईट.

५. व्यायच्या रात्री

व्यायच्या आधी साधारण चोवीस तासांत आईचं तापमान ३७.२ अंशांच्या (९९ फॅरनहाइट) खाली उतरतं. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजत असाल तर कळतं, आणि त्या रात्री बल्ब आधीच लावून ठेवता येतो.

पिल्लू बाहेर येतं ते पाण्याने भिजलेलं. पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त ऊब इथेच जाते. आई पिशवी फाडून चाटते, त्या चाटण्याने ते कोरडं होतं आणि श्वासही सुरू होतो. तिला हे करू द्या. मिनिटभरात तिने हात घातला नाही, म्हणजे पहिलटकरीण गोंधळून नुसती बघत बसली, तर तुम्ही पिशवी नाकाकडून फाडा, नाक-तोंड पुसा आणि कोरड्या टॉवेलने पाठीवर जरा जोराने चोळा. केसांची मुळं कोरडी होईपर्यंत चोळा. नाळेच्या टोकाला आयोडीन लावा.

पुढचं पिल्लू येताना आई उठते, फिरते, खालची चादर पुन्हा भिजते. त्या वेळेपुरती आधीची पिल्लं एका टोपलीत, टॉवेलात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा. टोपली आईच्या नाकासमोर असू द्या, नाहीतर ती कासावीस होते. दोन पिल्लांच्या मध्ये वेळ मिळाला की सगळ्यांना परत सडाला लावा. पहिला चीक पहिल्या बारा तासांत, फार तर चोवीस तासांत पोटात गेला पाहिजे. त्यानंतर आतडी त्यातली रोग-प्रतिकारक शक्ती शोषून घेत नाहीत.

सगळं आटोपलं की ओली चादर काढून कोरडी घाला. मध्यरात्री कंटाळा येतो, पण पहाटे चारची थंडी त्या ओल्या चादरीतूनच पिल्लांना लागते. आणि पिल्लांना अंघोळ घालू नका. घाणीत माखली म्हणून किंवा पिसवा दिसल्या म्हणूनही नको. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. पिसवांसाठी बारीक फणी वापरा. मोठ्या कुत्र्यांची पावडर या वयात विषासारखी आहे.

६. पिल्लांकडे बघायला शिका

थर्मामीटर हवाच, पण पिल्लं स्वतःच बरंच सांगतात. दर दोन तासांनी नुसतं उभं राहून दोन मिनिटं बघा.

ऊब बरोबर असेल तर पिल्लं एकमेकांना टेकून, जरा सैलसर पसरलेली झोपतात. झोपेत पाय झटकतात, कान उडवतात. हे झटके बघून लोक घाबरतात, पण ते चांगलं लक्षण आहे. थंडी वाजत असेल तर एकमेकांच्या अंगावर चढून घट्ट मुटकुळं करतात आणि बारीक, लांबट सुरात रडतात. उकडत असेल तर चारी दिशांना फाकतात, भिंतींना चिकटतात, तोंड उघडून श्वास घेतात, पोट लालसर दिसतं.

सगळ्यात धोक्याचं पिल्लू गप्प असतं. रडणाऱ्या पिल्लाकडे आपलं लक्ष जातं. जास्त गार झालेलं पिल्लू रडणं सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं निजलं. पुंजक्यापासून वेगळं, निपचित पडलेलं पिल्लू दिसलं की ताबडतोब हात लावा. करंगळी धुऊन त्याच्या तोंडात घाला. आतून कोमट लागलं आणि जीभ बोटाला गुंडाळून लुचायला लागलं तर ठीक आहे. तोंड आतून गार लागलं तर ते पिल्लू थंडीने जाऊ लागलं आहे. बाहेरून अंग चाचपून एवढं नीट कळत नाही. अशा वेळी आईही कधीकधी त्याला नाकाने बाजूला ढकलते. तिला दोष देऊ नका आणि परत परत तिच्याजवळ ठेवत बसू नका. ऊब भरली की तीच पिल्लं ती जवळ घेते, हे मी दोनदा पाहिलं आहे.

रोज एकाच वेळी वजन घ्या आणि वहीत लिहा. चंपीची पिल्लं जन्मली तेव्हा २४० ते ३२० ग्रॅमची होती. पहिल्या दिवशी जरा घट झाली तर चालते. त्यानंतर रोज पाच ते दहा टक्के वाढ हवी, दहा-बारा दिवसांत वजन दुप्पट. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही तर ते पिल्लू एकतर गार राहतंय किंवा सडापर्यंत पोचत नाही. पिल्लं ओळखायला गळ्यात दोरा बांधू नका, मान रोज जाड होते. प्रत्येकाचे वेगवेगळ्या जागचे थोडे केस कापा, एवढ्याने ओळख पटते.

७. गार पडलेलं पिल्लू सापडलं तर: आधी ऊब, मग दूध

पिल्लाचं तापमान ३४-३५ अंशांच्या खाली गेलं की त्याची आतडी हलायची थांबतात. पाजलेलं दूध पचत नाही, पोटात फुगतं आणि नासतं. लुचण्याची आणि गिळण्याची ताकदही गेलेली असते, म्हणून तोंडात सोडलेलं दूध फुप्फुसात उतरतं. आमच्या पिल्लाचं हेच झालं. म्हणून कितीही भुकेलं वाटलं, कितीही जीव कळवळला, तरी गार पिल्लाच्या तोंडात दूध घालू नका.

हे असं करा.

पहिलं, तापमान घ्या. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल तेल लावून शेपटीखाली साधारण एक सेंटिमीटर हळूच आत. आपले तापाचे थर्मामीटर बहुधा फॅरनहाइटमध्ये असतात, तेव्हा लक्षात ठेवा: ३५ अंश सेल्सिअस म्हणजे ९५ फॅरनहाइट. बरेच थर्मामीटर ३२ अंशांच्या खाली आकडा न दाखवता नुसतं ‘लो’ असं दाखवतात. तो बिघाड समजू नका, पिल्लू फारच गार आहे असं समजा.

दुसरं, पिल्लू कोरडं आहे ना ते बघा आणि स्वतःच्या अंगाला लावा. झग्याच्या किंवा सदऱ्याच्या आत, छातीशी, कातडीला कातडी लागून, वरून शाल. याच्याइतकी सुरक्षित ऊब मला दुसरी सापडली नाही, कारण माणसाच्या अंगाने पिल्लू भाजत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कूस बदला, हलक्या हाताने पाठ चोळत राहा.

तिसरं, सावकाश. एक ते तीन तास लागू द्या, तासाला साधारण एक अंश या हिशेबाने. गरम पाण्यात बुडवणं, केस वाळवायचं यंत्र जवळून मारणं, बल्बच्या अगदी खाली ठेवणं, यातलं काही करू नका. वरची कातडी झटकन तापते, आतलं हृदय अजून गारच असतं आणि त्याच्यावर एकदम भार पडतो.

चौथं, हालचाल सुरू झाली, तोंड आतून कोमट लागायला लागलं की ग्लुकोज पाण्यात घट्टसर कालवून बोटाने हिरड्यांना चोळा. थेंबभरच. घशात ओतू नका.

पाचवं, तापमान ३५.५-३६ च्या पुढे गेलं आणि करंगळी जोरात लुचायला लागलं की आईच्या मागच्या सडाला लावा. मागच्या सडांना दूध जास्त असतं. पिल्लाला हाताने धरून ठेवा, बाकीची धटिंगण पिल्लं त्याला हुसकावतात.

आईचं दूधच नसेल तर कुत्र्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. नुसतं गाईचं दूध पातळ पडतं, त्यात पिल्लांना लागणारी चरबी आणि प्रथिनं पुरत नाहीत, आणि ढाळ लागते. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, आईला पितं तसं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जातं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपली आपण शी-शू होत नाही, आई चाटते म्हणून होते. आई नसेल तर प्रत्येक दुधानंतर कोमट ओल्या कापसाने ती जागा हळूच पुसायची.

तासाभरात अंग गरम व्हायला लागलं नाही, श्वास घेताना तोंड वासत असेल किंवा नाकातून दूध आलं, तर घरगुती उपाय थांबवा आणि दवाखाना गाठा. नेतानाही कोमट बाटली बरोबर हवी. मोटारसायकलवरून नुसत्या टॉवेलात नेलेलं पिल्लू पोचेपर्यंत परत गार होतं.

८. वीज गेली तर

मळ्यावर राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रात्री दोनला दिवे गेले की पहाटेपर्यंत काय करायचं याची तयारी संध्याकाळीच करा.

रबरी पिशवीत उकळतं पाणी भरू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला मिनिटभर धरवेल एवढंच गरम. टॉवेलात दोनदा गुंडाळून खोक्याच्या एका कडेला. आणि दर तासा-दीड तासाने बदला. याचा लोकांना विसर पडतो: गार झालेली पिशवी पिल्लांच्या अंगातली ऊब ओढून घेते. बाटली ठेवून झोपी गेलात तर पहाटे ती बाटली नसण्यापेक्षा वाईट.

मी बाटलीपेक्षा मोजा वापरते. जाड सुती मोज्यात कच्चे तांदूळ किंवा बाजरी भरून तोंड शिवून टाकायचं, कोरड्या तव्यावर मंद आचेवर उलटसुलट करत तापवायचं. हेही मनगटाला लावून बघायचं, आतले दाणे वरच्यापेक्षा जास्त तापलेले असतात. दोन मोजे केले तर एक तव्यावर, एक खोक्यात, असं आलटून पालटून रात्र निघते. बाळंतिणीला शेकायची मिठाची पुरचुंडी इथे वापरू नका. मीठ सांडलं तर आई चाटते.

खोक्यावर अर्ध्या भागापुरती शाल टाकली तरी बरीच ऊब आत राहते. पूर्ण झाकू नका.

९. आई

पिल्लांची खरी शेगडी तीच. ती पोटभर खाते का, पाणी खोक्याजवळ आहे का, एवढं बघा. पाण्याचं भांडं खोक्याच्या आत ठेवू नका, पिल्लू त्यात पडतं. शी-शूला जाऊन ती पाच-दहा मिनिटांत परत येत असेल तर ठीक. पाऊस किंवा दवात भिजून आली तर आधी तिचं पोट पुसा, मग आत सोडा.

व्याल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत आई अचानक थरथरायला लागली, पाय ताठ झाले, धापा टाकायला लागली, तर तिला थंडी वाजतेय असं समजून पांघरूण घालत बसू नका. तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. त्यात तासांत जीव जातो. पिल्लं बाजूला काढा आणि तिला लगेच डॉक्टरकडे न्या.

१०. ऊब कमी करत नेणं

दहाव्या ते चौदाव्या दिवसापासून डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात पिल्लं लटपटत उभी राहतात. बल्ब दोन-तीन दिवसांनी वीतभर वर घ्या. आधी दुपारचा बंद करा, मग संध्याकाळचा, पहाटेचा सगळ्यात शेवटी. पिल्लं आपणहून बल्बखालून उठून गार टोकाला झोपायला लागली की समजायचं. जानेवारीत आम्ही पाचव्या आठवड्यापर्यंत पहाटेपुरता लावत होतो.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात कुत्री व्याली तर सगळं उलट. पिल्लांना अंग थंड ठेवणंही जमत नाही. तिथे सावली, वारा आणि खोक्याबाहेर ओलं गोणपाट. कूलरचा झोत मात्र सरळ खोक्यावर नको.

११. रस्त्याकडेला किंवा गंजीत पिल्लं दिसली तर

थंडीत नाल्याच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीखाली पिल्लं एकटी दिसली की लगेच उचलून आणू नका. आई बहुतेक वेळा खाणं शोधायला गेलेली असते. लांब, तिला दिसणार नाही असं थांबून तास-दोन तास वाट बघा. पण लांब जाण्याआधी एकदा करंगळीची परीक्षा करा. तोंड कोमट असेल तर तिथेच फळी किंवा पुठ्ठा खाली सरकवा, वर कोरडं गोणपाट, आणि वाऱ्याच्या बाजूने आडोसा म्हणून एखादा खोका आडवा करा. दार एकाच बाजूला, आईला शिरता येईल एवढं. जागा हलवायचीच असेल तर दोन-चार पावलंच हलवा, म्हणजे तिला वासाने सापडेल.

तोंड गार असेल तर मात्र वाट बघू नका. पिल्लू सदऱ्याच्या आत घाला आणि तिथेच जवळ बसून ऊब द्या. आई परत आली, पिल्लू गरम होऊन लुचायला लागलं, की तिच्यासमोर हळूच बाकीच्यांत ठेवा आणि मागे सरका. आईसाठी भाकरी-दूध रोज तिथेच नेऊन ठेवलं, तर ती लांब भटकत नाही आणि रात्रभर पिल्लांवर बसून राहते.